अनोळखी संगीताची वाट शिफारशीतून जात नाही

१९७० साली ह्यूगो झेंप या संगीत-अभ्यासकाने सॉलोमन बेटांमधल्या मलाइता बेटावर एक अंगाई ध्वनिमुद्रित केली. गाणाऱ्या बाईंचं नाव अफुनाक्वा. पोरक्या झालेल्या धाकट्या भावाला मोठं भावंड समजावतंय, रडू नकोस म्हणतंय, असा त्या अंगाईचा आशय. तीन वर्षांनी ती युनेस्कोच्या ध्वनिमुद्रिका-मालेत प्रसिद्ध झाली. १९९२ मध्ये डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडीने तोच आवाज नृत्याच्या ठेक्यावर बसवला आणि गाणं जगभर वाजलं. १९९६ मध्ये नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांनी त्याच चालीवर रचना केली आणि तिचं नाव ठेवलं ‘पिग्मी लल्लबाय’. पिग्मी समाज मध्य आफ्रिकेच्या जंगलात राहतात. मलाइता प्रशांत महासागरात आहे.

यात कोणी मुद्दाम खोटं बोललं, असं मला म्हणायचं नाही. एका ध्वनिमुद्रणाची नोंद सुटली की काय होतं, ते इथे टप्प्याटप्प्याने दिसतं. आधी बाईंचं नाव गेलं, मग बेट गेलं, मग शब्दांचा अर्थ गेला, आणि उरला एक ‘दूरचा, गूढ’ आवाज, कुठल्याही खंडाला चिकटवता येईल असा. आडवाटेचं संगीत शोधण्याचं काम आज आपण स्ट्रीमिंग सेवांच्या शिफारशींवर सोपवलं आहे, आणि जी नोंद हाताशी असल्याशिवाय असं संगीत सापडत नाही, कळतही नाही, नेमकी तीच तिथे नसते. असा शोध श्रोत्यानेच, नोंदीचा माग काढत घ्यायला हवा. आणि ती नोंद जशीच्या तशी दाखवायला सेवांना भाग पाडायला हवं.

शिफारसयंत्राचा हिशोब मुख्यतः एकाच प्रश्नावर चालतो: हे ऐकणारे लोक आणखी काय ऐकतात? लाखो श्रोते असलेल्या गाण्यांबाबत तो छान जमतो. पण ज्या ध्वनिमुद्रणाला वर्षभरात चारशे श्रोते मिळाले आणि त्यातले निम्मे झोपेसाठी लावायच्या एखाद्या यादीतून चुकून आले, त्याच्याबद्दल यंत्राला एवढंच कळतं की हे झोपेचं संगीत आहे. मग ते आणखी झोपाळू लोकांपुढे ठेवलं जातं. त्यातून जपानच्या दरबारी गागाकूमधला शो हा बांबूच्या नळ्यांचा मुखवाद्य-प्रकार पावसाच्या आवाजाशेजारी जाऊन बसतो.

दुसरी अडचण वेळेची. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की ते ‘ऐकलं’ असं धरतात. ज्याला तीस सेकंदांत पकड घ्यायची आहे त्याने सुरुवातीलाच सगळं मांडायला हवं. फ्रेंच संगीतकार एलियान रादिग यांच्या एआरपी २५०० सिंथेसायझरवरच्या रचनांमध्ये एक स्वर दुसऱ्यात विरायला कित्येक मिनिटं लागतात. तिथे पहिल्या तीस सेकंदांत घडण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. श्रोता पुढे सरकतो, यंत्र ती नापसंती म्हणून नोंदवतं, आणि पुढच्या श्रोत्यापर्यंत ते पोहोचण्याची शक्यता आणखी घटते.

तिसरी अडचण पैशाची. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या ध्वनिमुद्रणाला मानधन मिळत नाही. कंपनीचं म्हणणं असं की या रकमा इतक्या लहान असतात की त्या कलाकारापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि बनावट गाण्यांनाही त्यामुळे आळा बसतो. दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. पण वाचलेली रक्कम जाते ती जास्त वाजणाऱ्यांच्या वाट्यात. म्हणजे कमी ऐकल्या जाणाऱ्यांच्या खिशातून जास्त ऐकल्या जाणाऱ्यांकडे पैसा सरकवणारा हा नियम आहे, आणि तो संगीताच्या गुणवत्तेकडे पाहत नाही.

याच कंपनीच्या माहितीवर तिथले कर्मचारी ग्लेन मॅकडोनाल्ड यांनी ‘एव्हरी नॉइज ॲट वन्स’ हा नकाशा उभा केला होता. त्यावर सहा हजारांहून अधिक संगीतप्रकारांची नावं होती आणि प्रत्येकावर टिचकी मारली की नमुना वाजायचा. आडवाटेचं संगीत शोधणाऱ्यांसाठी इतकं उपयोगी साधन दुसरं झालं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने कर्मचारी कमी केले, त्यात त्यांची नोकरी गेली, आणि आतल्या माहितीशी संबंध तुटल्यामुळे नकाशा जिथल्या तिथे थांबला. जगभरच्या संगीताची वर्गवारी एका माणसाच्या नोकरीवर टांगलेली असावी, ही व्यवस्था चुकीची आहे.

वर्गवारीचं दुखणं जुनंच आहे. ‘वर्ल्ड म्युझिक’ हे नाव १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनच्या एका पबमध्ये जमलेल्या लहान ध्वनिमुद्रिका-कंपन्यांच्या लोकांनी नक्की केलं. गरज व्यावहारिक होती: दुकानदाराला माली, बल्गेरिया, पाकिस्तान यांच्या रेकॉर्डी कुठे ठेवायच्या ते कळत नव्हतं, म्हणून एक फळी आणि तिच्यावर एक पाटी. त्या फळीमुळे रेकॉर्डी खरोखर खपल्या, हेही मान्य करायला हवं. पण दुकानं गेली तरी फळी राहिली. २०२० मध्ये ग्रॅमीने त्या विभागाचं नाव बदलून ‘ग्लोबल म्युझिक’ केलं. खोका तोच.

आता ऐकण्याकडे. असं संगीत ‘आपल्याला झेपत नाही’ म्हणून सोडणारे पुष्कळ असतात, आणि बहुतेकदा दोष कानाचा नसतो. सुरुवातच चुकीच्या जागेवरून झालेली असते. जावाच्या गामेलानचं उदाहरण घेऊ. काशाच्या पट्ट्या, वाडग्यांसारखी वाद्यं आणि टांगलेले गाँग यांचा हा मोठा संच. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चकाकणारा, दिशाहीन गोंगाट ऐकू येतो, कारण कान सगळ्यात वरच्या, भरभर वाजणाऱ्या स्वरांमागे धावतो. रचनेचा सांगाडा मात्र सगळ्यात खाली, मोठ्या गाँगमध्ये आहे. लाद्रांग नावाच्या बांधणीत एका मोठ्या गाँगपासून दुसऱ्यापर्यंत ३२ ठोके असतात आणि त्यांचे आठ-आठचे चार भाग कनोंग हे वाद्य दाखवतं. हे ३२ मोजत एकदा ऐकलं की गोंगाटाला घर मिळतं. मोजताना आपल्याकडच्या कानाची एक ठरलेली चूक होते. समेवर एक म्हणायची सवय असल्यामुळे आपण गाँगवर ‘एक’ म्हणतो. जावात वजन शेवटावर असतं. गाँग ‘बत्तीस’वर पडतो. एकवर धरला तर प्रत्येक भाग एका ठोक्याने सरकलेला वाटतो आणि रचना अडखळते आहे असा समज होतो.

बालीतलं गामेलान आणखी एका कारणाने ‘बेसूर’ ठरवलं जातं. तिथे वाद्यं जोडीने बनवतात आणि जोडीतलं एक मुद्दाम किंचित उतरं लावतात. एक पट्टी २०० हर्ट्झची आणि तिची जोडीदार २०६ हर्ट्झची असेल तर दोन्ही एकत्र वाजल्यावर आवाज सेकंदाला सहा वेळा कमीजास्त होतो. या थरथरीला तिथे ओम्बाक म्हणतात, म्हणजे लाट. ही लाट नसेल तर त्यांच्या लेखी वाद्य मेलेलं. दोन्ही पट्ट्या तंतोतंत जुळवून ‘दुरुस्त’ केल्या तर संगीतातला प्राणच काढून घेतला जाईल.

बल्गेरियाच्या शोप भागातल्या बायकांच्या दोन आवाजांच्या गाण्यातही हेच तत्त्व आहे. दोन आवाज शेजारशेजारच्या स्वरांवर घासत उभे राहतात आणि त्यातून घंटेसारखा झणत्कार निघतो. हे घासणं कानाला जन्मतःच नकोसं असतं, असं बराच काळ मानलं जाई. २०१६ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात, पाश्चात्य संगीताशी फारसा संबंध न आलेल्या बोलिव्हियाच्या त्सिमाने लोकांना असे सुसंवादी आणि विसंवादी स्वरमेळ ऐकवले गेले. त्यांना दोन्ही सारखेच बरे वाटले. आवड-नावडीचा बराचसा भाग सवयीचा असतो, आणि ज्याची सवय होते ती लावूनही घेता येते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्येच दाखवलं होतं की नुसत्या वारंवार भेटीनेही अनोळखी गोष्ट आवडू लागते. म्हणून माझा पहिला सल्ला अगदी साधा आहे: आठवड्यात वीस प्रकार ऐकू नका, एकच ध्वनिमुद्रण आठवड्यात तीनदा ऐका. पहिल्यांदा काहीही न करता, सलग. दुसऱ्यांदा फक्त तळाचा आवाज धरून. तिसऱ्यांदा सगळ्यात जलद आवाज धरून. तीन वेळा ऐकूनही नको वाटलं तर तो नकार खरा. पहिल्या तीस सेकंदांतला नकार नुसता दचकणं असतो.

तालाला शब्द मिळाले तर तो लवकर बसतो. बल्गेरियाचा कोपानित्सा हा नाच ११ मात्रांचा आहे, विभागणी २-२-३-२-२. कागदावर तो भीतीदायक दिसतो. ‘तक तक तकिट तक तक’ असं चार मिनिटं बोलत टाळी द्या, तकिटवर जरा वजन द्या. पाचव्या मिनिटाला पाय हलायला लागतो. टांझानियातल्या दार-एस-सलामचं सिंगेली दुसऱ्या टोकाला आहे. ताराब या पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या प्रकारातल्या गाण्यांचे तुकडे फिरवत, वेग वाढवत त्यातून उभं राहिलेलं हे संगीत मिनिटाला २०० ते ३०० ठोक्यांवर धावतं. प्रत्येक ठोका पकडायला गेलात तर दोन मिनिटांत थकाल. निम्मी लय धरा, चारात एकदाच मान हलवा, आणि वरचा वेग पावसासारखा पडू द्या. शिकागोच्या फुटवर्क या नृत्यसंगीतालाही, जे १६० च्या आसपास चालतं, हीच युक्ती लागू पडते.

दक्षिण सायबेरियातल्या तुवाच्या कंठगायनासाठी, म्हणजे एकाच गळ्यातून दोन स्वर काढण्याच्या गायकीसाठी, ऐकण्याआधी स्वतः आवाज लावून पाहणं उत्तम. एक आरामाचा खालचा स्वर धरा, तो न हलवता तोंडाचा आकार ‘ऊ’पासून ‘ई’पर्यंत आठ-दहा सेकंदांत सावकाश बदला, शक्यतो फरशा लावलेल्या बंद खोलीत. मूळ स्वराच्या वर एक बारीक शिट्टी पायऱ्या चढताना ऐकू येईल. तंबोऱ्यातून निघणारा स्वयंभू गंधार ओळखणाऱ्यांना ही जात परकी नाही. सिगित शैलीतला गायक हीच शिट्टी धारदार करून तिच्यावर चाल गातो. साधारण सहाव्या ते बाराव्या स्वयंभू स्वरांमधून, म्हणजे मूळ स्वराच्या सहा ते बारा पट कंप्रतेच्या स्वरांमधून, तो निवडतो आणि सातवा व अकरावा बहुधा गाळतो. हे माहीत नसलं की श्रोता ‘एका गळ्यातून दोन आवाज’ या चमत्कारापाशीच थांबतो. माहीत असलं की चाल ऐकू येते, आणि एक गायक दुसऱ्यापेक्षा का चांगला तेही कळू लागतं.

झिंबाब्वेच्या शोना लोकांच्या म्बिरामध्ये लोखंडी पट्ट्या अंगठ्यांनी आणि तर्जनीने छेडतात, आणि फळीवर शिंपले किंवा बाटल्यांची झाकणं बसवतात. त्यांच्या घरघरीमुळे ध्वनिमुद्रण खराब झालंय असं नवख्याला वाटतं. ती घरघर हवी म्हणूनच झाकणं लावलेली असतात; जवारीशिवाय तंबोरा जसा कोरडा, तशी झाकणांशिवाय म्बिरा. किन्शासाच्या कोनोनो नं. १ या समूहाने म्बिराच्या जातीचं लिकेंबे हे वाद्य टाकाऊ चुंबकांपासून केलेल्या पिकअपला जोडून कर्ण्यांवर वाजवलं, तेव्हा फाटलेला आवाज त्यांना खटकला नाही, याचं कारणही इथेच सापडतं.

साधनाबद्दल थोडंच, पण ते टाळू नका. मोबाइलच्या स्पीकरमधून साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खालचं फारसं बाहेर येत नाही. जावाच्या मोठ्या गाँगचा मूळ स्वर ५० हर्ट्झच्या आसपास, तुवाच्या कार्गिरा या खोल कंठगायन-शैलीचा खर्ज साधारण ६० ते ८०. म्हणजे सांगाडाच गायब. साधे वायरचे हेडफोन पुरतात. ॲपमध्ये दोन गाणी एकमेकांत मिसळणारी सोय बंद करा, आपोआप पुढचं गाणं लावणारी सोय बंद करा, आवाजाची पातळी समान करणारी सोयही बंद करा. नुसत्या गोंगाटातून रचलेल्या नॉइज संगीतासाठी फाइलचा दर्जा विशेष महत्त्वाचा आहे: १२८ केबीपीएसची एमपी३ सहसा १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापते, आणि सगळ्या कंप्रतांवर पसरलेला दाट आवाज दाबताना तिची ताकद अपुरी पडते, मग जपानी नॉइज-कलाकार मेर्झबाउच्या भिंतीसारख्या आवाजाचा चिखल होतो. अशा वेळी लोक आवाज वाढवतात, तिथेच चूक होते. पातळी कमी ठेवा, वीस मिनिटांत थांबा. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि पातळी जसजशी वाढते तसतसा हा वेळ झपाट्याने घटतो.

जुन्या ध्वनिमुद्रणांबाबत आणखी एक सावधगिरी. ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सगळ्याच नेमक्या ७८ वर कोरलेल्या नसत; सुरुवातीच्या काळात वेग ७० पासून ९० पर्यंत कुठेही असे. डिजिटल रूप देताना सरसकट ७८ धरलं की स्वर चढतो किंवा उतरतो, आणि ‘त्यांचा आवाज किती बारीक’ अशी चुकीची समजूत पसरते. गळ्याचा कंप अनैसर्गिक जलद वाटला तर वेगाचा संशय घ्या. दहा इंची रेकॉर्डीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत, हेही लक्षात ठेवा. रात्रभर चालणारं संगीत तीन मिनिटांचं वाटतं ते त्या तबकडीमुळे.

मग पुढचं शोधायचं कसं? आवडलेल्या एका ध्वनिमुद्रणाबद्दल पाच गोष्टी कागदावर लिहा: कोण गातं किंवा वाजवतं, कोणतं वाद्य, कुठलं ठिकाण, ध्वनिमुद्रण कोणी आणि कधी केलं, कोणी प्रसिद्ध केलं. पुढचं ऐकणं या पाचांपैकी एका धाग्याने जाऊ द्या. ध्वनिमुद्रक हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात फलदायी धागा. ज्याने एका गावात चांगलं काम केलं त्याने शेजारच्या दहा गावांतही केलेलं असतं. मध्य आफ्रिकेतल्या आका लोकांचं गुंतागुंतीचं समूहगायन संगीत-अभ्यासक सिम्हा आरोम यांनी प्रत्येक गायकाला हेडफोन देऊन एकेक आवाज सुटा करून मुद्रित केलं. ते ऐकल्यावर एकत्र गायन उलगडतं. प्रकाशकाचा धागाही भक्कम आहे. फोकवेज ही मोझेस ॲश यांनी १९४८ मध्ये सुरू केलेली संस्था १९८७ मध्ये अमेरिकेच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेकडे गेली ती दोन हजारांहून अधिक ध्वनिमुद्रिकांपैकी एकही बाजारातून नाहीशी होऊ न देण्याच्या अटीवर. त्यांच्या रेकॉर्डीसोबतच्या पुस्तिका संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. गाणं स्ट्रीमिंगवर ऐका, पण पुस्तिका शेजारी उघडी ठेवा. इथियोपियाच्या १९६०-७० च्या दशकांतल्या शहरी संगीतासाठी १९९७ पासून निघालेली ‘इथिओपिक’ ही माला आहे. लोकसंगीताचे अमेरिकन संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्या संग्रहातली सुमारे १७,००० ध्वनिमुद्रणं २०१२ पासून सर्वांना खुली आहेत.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की हे सगळं सांस्कृतिक पर्यटन आहे; दूरच्या माणसांचं पवित्र किंवा घरगुती गाणं आपण करमणुकीसाठी ऐकतो. हा धोका खरा आहे. तो टळतो तो नेमक्या नोंदीनेच. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट समाजातल्या बायकांचं कताज्जाक हा दोघींनी समोरासमोर उभं राहून खेळायचा श्वासाचा खेळ आहे, जी आधी हसते ती हरते. हे ठाऊक असलेला श्रोता त्याला ‘आदिम मंत्र’ म्हणणार नाही. आणि आडवाटेचं म्हणजे दूरचं किंवा जुनं, हेही खरं नाही: संगीतकार हॅरी पार्च यांनी सप्तकाचे ४३ असमान भाग पाडले आणि ते वाजवायला प्रचलित वाद्यं चालेनात म्हणून स्वतः वाद्यं घडवली, ती अमेरिकेत. दुसरा आक्षेप असा की शिफारसयंत्र नसतं तर ही नावं सामान्य श्रोत्यापर्यंत आलीच नसती. अंशतः खरं. पहिली भेट यंत्राने घडवली तर त्याला माझी हरकत नाही. पण भेटीनंतर समोरच्याचं नावही कळू नये, ही हरकत आहे.

म्हणून मागणी नेमकी हवी. प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत वर सांगितलेल्या पाच नोंदींचे रकाने हवेत, रिकामे असतील तर रिकामे दिसायला हवेत, आणि ‘पारंपरिक’ एवढा शब्द टाकून गाणाऱ्याचं नाव गाळता येणार नाही असा नियम हवा. सेवांकडे गीतकार आणि निर्मात्यांच्या नावांसाठी जागा आहेच. ध्वनिमुद्रणाचं ठिकाण, तारीख आणि वाद्य यांसाठी ती करणं तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. हजाराची अट अभिलेखागारांच्या आणि त्या-त्या समाजांनी स्वतः प्रसिद्ध केलेल्या ध्वनिमुद्रणांना लागू नसावी. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरणाऱ्याने मूळ नोंद तशीच पुढे न्यायला हवी. तैवानच्या आमिस या आदिवासी समाजातल्या गायकांना एनिग्मा समूहाच्या १९९३ च्या गाण्यातल्या स्वतःच्या आवाजाच्या श्रेयासाठी कोर्टात जावं लागलं आणि १९९९ मध्ये तडजोड झाली, इतकी वेळ कोणावर येऊ नये.

श्रोत्याच्या हातातही काही आहे. चुकीची नोंद दिसली तर ती प्रकाशकाला कळवता येते: रेकॉर्डीचा क्रमांक, गाण्याचा क्रमांक, चूक काय, बरोबर काय, आणि आधार कोणता, या पाच ओळी पुरतात. डिस्कॉग्जसारख्या लोकांनी मिळून भरलेल्या सूचीत दुरुस्ती स्वतःच करता येते, मात्र वेष्टनाचं छायाचित्र जोडावं. विकत घेताना बँडकॅम्प या संगीत-विक्रीच्या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीतला साधारण १५ टक्के वाटा कंपनीचा असतो, व्यवहार-शुल्क वगळून बाकी विकणाऱ्याकडे जातो. विकणारा म्हणजे कलाकार, प्रकाशक की नुसता संग्राहक, ते पानावर वाचून मगच पैसे द्यावेत. लिहिलेलं नसेल तर विचारावं. उत्तर आलं नाही तर त्या संगीताचं दुसरं, नाव असलेलं ध्वनिमुद्रण शोधावं.